मनाचं लिहू नका

ये गं, जरा जवळ सरक. तू पुण्यात आणि मी इथं घोड नदीच्या काठाला, तरी सरक. कागद वाचायला माणसाला जवळ यावंच लागतं. फोनसारखं नाही, की स्पीकरवर टाकला आणि एकीकडं भांडी घासली. परवा मी फोनवर म्हटलं, तुझी वहिनी इंग्रजीत नापास झाली, तर तू हसलीस. "अगं मावशी, एक निबंध तर लिहायचा असतो!" असं म्हणालीस. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, तुला सोपं. पण तुझ्या मागं नळाचं पाणी वाजत होतं आणि इथं ती उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिचं तोंड उतरलेलं तुला दिसलं नाही. मला दिसलं. म्हणून लिहायला बसले. रागावले नाही. म्हणजे रागावले, पण तुझ्यावर थोडी आणि बाकीच्यांवर जास्त.

पहिल्यापासून सांगते. तुला तुकड्यातुकड्यानं कळलंय सगळं.

माझी सून दौंडकडची, पाटसजवळच्या एका वस्तीवरची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला लग्न झालं, मग पोर झालं. बाकीचे पेपर एकेक करून निघाले आणि इंग्रजीचा राहिला. कंपल्सरी इंग्रजी. नियमच असा की बाकी विषयांत किती का मार्क असेनात, तो एक निघाला नाही तर पदवी नाही. त्यात व्याकरणाचं ती कसंबसं ओढायची, निबंधापाशी मात्र तिचा हात गळायचा.

आता पदवी कशाला पाहिजे, असं कुणी म्हणेल. ती रांजणगावला कंपनीत जाते, पॅकिंगच्या लाईनवर, कंत्राटी. पहाटे फाट्यावर बस येते, आठ तास उभं राहायचं, आणि दुपार कलली की परत. घरी आली की मी तिच्या घोट्यावर बोट दाबून बघते. खड्डा पडतो आणि तसाच राहतो. तर तिच्या साहेबानं सांगितलं, क्वालिटीच्या टेबलावर जागा निघतेय, बसून काम आहे, पण ग्रॅज्युएट लागतो, सर्टिफिकेट आणा. एवढीच गोष्ट. तिला काही फाडफाड इंग्रजी बोलायचं नव्हतं गं. तिला बसायचं होतं.

मग शिरूरहून गाईड आणलं. मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या आईच्या पुस्तकातनं अक्षरं उचलली तेवढीच. पण हे गाईड माझ्यासारखीलाही वाचता येईल असं होतं. इंग्रजी ओळ, तिच्याखाली मराठी अक्षरात उच्चार, त्याच्याखाली अर्थ. मग संध्याकाळी आम्ही दोघी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधायला बसायचो. गाईड माझ्या मांडीवर उघडं. ती पाठ म्हणायची आणि मी ओळीवर बोट ठेवून तपासायची.

"थांब. 'अँड' खाल्लास."

"आत्या, एका अँडनं काय हुतंय?"

"काय हुतंय ते मला म्हाईत न्हाई. छापलंय तर म्हण."

पहिला निबंध 'माय मदर'. तो दर वर्षी येतोच म्हणाले. माझी आई पाचला उठते. मी म्हटलं, बरं, उठत असेल. ती कॉटनची साडी नेसते. मला दुधाचा पेला देऊन उठवते. डब्यात सँडविच देते. रविवारी आम्हाला बागेत नेते. आणि शेवटी, शी इज माय फ्रेंड, फिलॉसॉफर अँड गाईड.

"आई गाईड?" मी पुस्तक वर धरलं. "आन् मग ह्ये काय?"

"न्हाई ओ आत्या. गाईड म्हंजी वाट दाखवणारी."

"मग ह्याला गाईड का म्हणत्यात?"

तेव्हा ती हसली होती. जुडी सुटली हातातली, इतकी हसली. तेव्हा हसायची ती.

पंधरा दिवस झाले आणि मला त्या आईचा वीट यायला लागला. बाई काही भांडत नाही, दमत नाही, तिला घाम येत नाही. आमच्या सूनबाईची आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाते, पाल्यानं तिचे हात कायम कापलेले असतात. ती कधी बागेत गेली? मी विचारलं, पोरी, तुझ्या आयेचं का न्हाई लिवत? तर म्हणाली, आमच्या शेजारची पण हीच आई पाठ करतीय, खालच्या वस्तीवरच्या दोघी पण हीच. परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांची आई एकच. कॉटनची साडी आणि सँडविच. मला अंगावर काटा आला. हजार लेकरं आणि आई एक, तीही कुणी कधी न बघितलेली.

गाईडानं भागेना, म्हणून क्लास लावला. शिरूरला मोबाईलच्या दुकानावर एक खोली, तिथं एक सर कच्च्या विषयांची तयारी करून घेत. सुट्टीच्या दिवशी ती जायची. सरांनी पहिल्याच दिवशी तिला एक कागद दिला. म्हणाले, हा एक निबंध पाठ करा, कुठलाही विषय येऊ द्या, पास. त्या कागदावर मध्येमध्ये रिकामी जागा. जो विषय येईल तो त्या जागेत भरायचा. अमुक इज व्हेरी इंपॉर्टंट इन अवर लाइफ. एव्हरीबडी लाइक्स अमुक. विदाऊट अमुक वी कॅनॉट लिव्ह.

मी अर्थ विचारला. अमुक आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचं आहे, अमुक सगळ्यांना आवडतं, अमुकशिवाय आपण जगू शकत नाही.

"आन् दुष्काळ आला तर?"

तिनं कागद उलटा करून मागची बाजू बघितली.

"भर की. दुष्काळ सगळ्यांला आवडतो. दुष्काळाबिगर आपुन जगू शकत न्हाई. आसंच का?"

"आसंच म्हणले सर."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. अगं, दुष्काळात मी डोक्यावर हंडे वाहिलेत. वाळलेल्या जनावराची कवटी असते ना, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, तशी ती रिकामी जागा दिसायला लागली.

पुढच्या बाजाराला जुड्या विकून झाल्यावर मी स्वतःच चढले तो जिना. सर चांगले होते बोलायला. खुर्ची दिली, पाणी दिलं.

मी म्हटलं, "सर, दुष्काळ सगळ्यांला आवडतो व्हय?"

आधी त्यांना कळेना. मग कळलं तसे हसले. "आजी, अहो तपासणारा वाचत नाही. त्याच्यापुढं गठ्ठा असतो. तो फक्त बघतो, पान भरलंय का, ओळी सरळ आहेत का."

"तपासणारा वाचत न्हाई, लिवणारा समजून लिवत न्हाई. मग ह्ये चाललंय कुणासाठी?"

"पास होण्यासाठी," सर म्हणाले. अगदी मऊ आवाजात म्हणाले. तेही असेच पास झाले असतील, मी काय बोलू? पण जिना उतरताना तोंडात कडूशार आलं. खाली थुंकले मी. दुकानदारानं बघितलं, तर बघू दे.

घरी येऊन मी सुनेला म्हटलं, एक तरी खरा निबंध लिही. आपल्या नदीचा लिही. मी सांगते, तू इंग्रजी कर.

दोन संध्याकाळी बसलो आम्ही. मी सांगत गेले. आपले लोक मेंढरंवाले. लोकर कातरायच्या आधी सासरे मेंढरं नदीवर न्यायचे. एकेक मेंढरू कमरेइतक्या पाण्यात धरून चोळायचं. लोकरीचं तेल हाताला लागायचं, दोन दोन दिवस हात मऊ राहायचे, आणि वास मात्र जायचा नाही. इनामगावच्या अंगाला टेकाडावर मेंढरं चरताना पायाखाली रंगवलेली खापरं यायची, आम्ही पोरी त्यांची लगोरी मांडायचो. ती खापरं हजारो वर्षांची, हे शिकलेली माणसं खणायला आली तेव्हा कळलं. मेमध्ये नदी आटते. मग म्हशी डबक्यात बसतात आणि आम्ही वाळूत झिरा खणून वाटीनं पाणी भरतो. हे सगळं ती डिक्शनरी बघून बघून लिहीत होती. जीभ दातात धरून. मोबाईलमध्येही बघायची, पण तिथं नीट सापडायचं नाही, झिऱ्याला इंग्रजी शब्दच मिळेना. शेवटी तिनं लिहिलं, वाळूत खणलेली छोटी विहीर. दीड पान झालं. तिनं ते मला नुसतं दाखवलं. मला काय कळतंय त्यात? पण त्या दीड पानावर तिची मान जरा ताठ होती.

रविवारी क्लासहून आली ती चप्पल न काढता आत गेली.

मी मागं गेले. "काय झालं?"

आधी सांगेना. मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. झालं होतं असं की 'घोड' लिहिताना तिच्याकडून एक एच राहिला होता. इंग्रजीत घ साठी जी आणि एच लागतो म्हणे. एच नाही घातला की घोडचं होतं गॉड. म्हणजे देव. आणि अख्ख्या दीड पानात तिनं तसंच लिहिलं होतं. सरांनी ते क्लासात मोठ्यानं वाचलं. आमचं गाव देवाच्या काठावर आहे. मेमध्ये देव आटतो. माझे सासरे देवात मेंढरं धुवायचे. म्हशी दिवसभर देवात बसतात. पोरंपोरी बाकावर पडून हसली. सर म्हणाले, "ताई, देवात म्हशी बसवल्यात तुम्ही!"

खरं सांगू? मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. देव आटतो हे तर मला फारच पटलं. पण तिनं वही पुढं केली आणि माझं हसू गेलं. दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. खाली सरांनी मराठीत लिहिलेलं, ते मला वाचता आलं. 'मनाचं लिहू नका.'

मी विचारलं, "नदी चुकली का?"

"न्हाई. एच चुकला."

"मग एच घाल म्हणावं. पान कशाला खोडलं?"

ती काय सांगणार? मनाचं लिहू नका. तू शिक्षिका आहेस, तूही पोरांना हे म्हणत असशील. आपल्याकडं मनाचं सांगतोय म्हणजे खोटं सांगतोय, रचून सांगतोय. लहानपणी मी काही बोलले की माझी आईही म्हणायची, मनाचं सांगू नकोस. तेव्हा काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र मी त्या शब्दावर बोट ठेवून तो परत परत वाचला. सासऱ्यांनी पाण्यात उभं राहून धुतलेली मेंढरं, माझ्या हाताला लागलेला वास, हे मनाचं. आणि कुणीतरी कुठंतरी बसून छापलेली सँडविचवाली बाई, ती बरोबर. आतून आलं ते खोटं आणि बाहेरून चिकटवलं ते खरं, असं शिकवायला क्लास लागतो.

पण मोठं बोलून उपयोग नाही. आता माझंच सांगते, लपवत नाही. परीक्षा आठ दिवसांवर आली, आणि कंपनीतून निरोप आला की ती जागा निकालापर्यंतच थांबवणार. त्या दिवशी ती बसमधून उतरली ती फाट्यावरच दगडावर बसली, घरापर्यंत चालवेना. मी तिचे पाय गरम पाण्यात घातले आणि म्हटलं, "पोरी, ऱ्हाऊ दे नदी. गाईडातली आईच लिव."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमीच म्हणता?"

"मीच म्हणते."

मग परत ओसरीवर तेच. माझं बोट ओळीवर आणि तिचं तोंड चालू. आणि मीच म्हणायची, थांब, 'अँड' खाल्लास.

परीक्षेचं केंद्र दौंडकडं होतं, कारण नाव तिकडच्याच कॉलेजात. नातीला घेऊन मीही गेले, तीन वर्षांचं पोर आईशिवाय कुठं ठेवायचं? एसटी बदलून पोचलो. ती आत गेली आणि मी नातीला घेऊन आवारात झाडाखाली बसले. अर्धा तास झाला असेल, तर माणसं भिंतीवर चढायला लागली. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा. खिडकीतून कागद आत जात होते, मोकळ्या हाकांनी. "तिसरा प्रश्न, तिसरा!" दारावरचा माणूस दुसरीकडं बघून तंबाखू मळत होता.

नातीला शू लागली, म्हणून बायकांच्या मोरीत नेलं. दार ढकललं आणि तिथंच थांबले. वास तर होताच, तो कुठं नसतो? पण मोरी तुंबलेली होती. घाण पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं आणि त्यावर कागद तरंगत होते. बारीक केलेले, मुंगीएवढ्या अक्षरांचे झेरॉक्स. परीक्षेला शिरण्याआधी पोरी इथं येऊन चिठ्ठ्या लपवून गेल्या असणार, आणि नको त्या टाकून. मी पदर नाकाला लावला. त्यातले काही कागद फुगून उघडे झाले होते आणि मथळा जरा मोठ्या अक्षरात होता. मला इंग्रजी येत नाही, पण महिनाभर तेच पान मांडीवर घेऊन बसले होते. ती अक्षरं मी कुठंही ओळखली असती. माय मदर. एक नाही, सात-आठ माय मदर. घाणीत पडलेल्या.

नातीला उचललं आणि बाहेर आले, पोराला झाडामागंच बसवलं. हात धुतले, परत धुतले. त्या पोरींची किळस आली म्हणावं, तर त्यांच्यातलीच एक मीही आत पाठवलेली. चिठ्ठी कमरेला खोचली काय आणि डोक्यात खोचली काय. किळस आली ती माझीच आली.

पेपर सुटला. बाकीच्या पोरी बोलत, हसत येत होत्या. ही सगळ्यात मागून.

"लिवलं का?"

"अर्धं."

"पाठ हुतं की सगळं!"

"दुधाच्या पेल्यापाशी आडले, आत्या. मला आई दुधाचा पेला देऊन उठवती, एवढं लिवलं. मग मनात आलं, आईला तर मीच उठवायचे. ती दमून झोपलेली असायची, मी चहा करून उठवायचे. त्येच डोळ्यापुढं आलं आन् पुढची वळ गेली. आठवंनाच. एक वळ गेली की सगळंच जातं."

"मग तुझ्या आयेचंच लिवायचं हुतं की."

"सरांनी सांगितलंय ना, मनाचं लिहायचं न्हाई."

एसटीत ती पोरीला मांडीवर घेऊन झोपली. मी खिडकीतून उसाचे ट्रॉलीवाले बघत बसले.

निकाल मोबाईलवर आला. थोडक्या मार्कांनी नापास झाली ती. शेजारची पास झाली. विषयाच्या यादीत 'प्रदूषण' होतं, तिनं सरांचा कागद भरला. प्रदूषण सगळ्यांना आवडतं, प्रदूषणाशिवाय आपण जगू शकत नाही. ती पेढे घेऊन आली, स्वतःच सांगून हसत होती. पोरगी चांगली आहे, मी पेढा घेतला. पण खाल्ला नाही, वाटीत ठेवला, मुंग्यांनी खाल्ला. क्वालिटीची जागा भरली. आमची ती अजून उभीच आहे.

साहेब म्हणाला आहे, पुढं अजून एक जागा निघेल. परीक्षाही परत आहे, दिवाळीच्या आधी. आणि परवाच, तुझा फोन झाल्यावर, मी गाईड काढून मांडीवर घेतलं तर तिनं ते माझ्या मांडीवरून उचललं आणि मिटून ठेवलं. म्हणाली, "आत्या, ह्या टायमाला मी माझ्या आईचं लिवणार. नापास व्हायचंच आसंल तर माझ्याच शब्दांत हुते." तेव्हापासून रोज दहा ओळी लिहिते. उसाच्या पाल्याचं लिहिलंय, चहाचं लिहिलंय. मला मराठीत सांगते, तेव्हा मला गलबलून येतं. पण इंग्रजीत बरोबर आहे का चूक, ते कोण सांगणार? सरांकडं ती वही न्यायची नाही म्हणते. मला तर मथळ्यापलीकडं काही वाचता येत नाही. नवी लाल फुली मी तिला सोसू देणार नाही, आणि परत गाईड उघडा म्हणायला माझी जीभ आता उचलत नाही.

तेवढं तूच करू शकतेस. तुझं इंग्रजी तिच्या वहीत घालू नकोस, नुसतं तिचं सरळ करून दे. कुठं काळ चुकला, कुठं अक्षर राहिलं, एवढंच. आणि हसलीस त्याबद्दल एकदा तिच्याजवळ बसून बोल, फोनवर नाही. शनिवारी शाळा सुटली की शिरूरची गाडी धर, पोरांनाही आण. मी फाट्यावर येऊन थांबते. दिवाळीची वाट बघू नकोस गं, दिवाळीपर्यंत परीक्षा होऊन जाईल. याच शनिवारी ये.